मिनिटात हजार ठोके: ड्रमच्या वेगाची तयारी डाव्या हातापासून

वेगाच्या स्पर्धेचं रूप अगदी साधं आहे. समोर ठोके वाजवायचा एक रबरी पॅड, हातात दोन स्टिक आणि घड्याळात साठ सेकंद. उजवा-डावा-उजवा-डावा असे सुटे ठोके वाजवत राहायचं आणि शेवटी यंत्रावरचा आकडा बघायचा. हे ठोके मोजणारं यंत्र म्हणजे 'ड्रमोमीटर'. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये ते तयार झालं आणि 'कोण जास्त वेगवान' या जुन्या वादाला मोजपट्टी मिळाली. २००५ साली अमेरिकेचा ड्रमर माइक मँजिनीने मिनिटात १२०३ ठोके वाजवले. जुलै २०१३ मध्ये कॅनडाच्या टॉम ग्रोसेटने १२०८ केले. आठ वर्षांत पाच ठोक्यांची भर, म्हणजे वरच्या टोकाला एकेका ठोक्यासाठी किती झगडावं लागतं बघा.

१२०८ म्हणजे सेकंदाला वीस ठोके, एका हाताच्या वाट्याला दहा. स्टिक खाली यायची, आपटायची, वर जायची आणि पुन्हा निघायला तयार व्हायची, हे सगळं एक दशांश सेकंदात. या लेखातलं जवळपास प्रत्येक पाऊल या एका हिशोबातून निघालेलं आहे.

कोल्हापुरात हाताला वेग असलेली माणसं पेठापेठांत सापडतात. खासबागेच्या मैदानात कुस्ती रंगात आली की हलगी कशी चढत जाते, ते कानात बसलेलं नाही असा माणूस इथे विरळा. गणपतीत ताशाची तर्री, बँजो पार्टीतला ड्रम, देवळातला आणि भजनातला तबला, सगळीकडे हात चालतात. तरी यातला चांगला तयारीचा वादक पॅडवर बसला की आकडा अपेक्षेपेक्षा बराच खाली येतो. तो हिरमुसतो, 'आपला हात तेवढा नाही' म्हणतो. हात असतो. फक्त त्या हाताला वेगळं काम शिकवलेलं असतं.

हलगीत उजव्या हातात आखूड, जाड काठी असते आणि डाव्या हातात लांब, बारीक काडी. शिवाय डावा हात हलगीही सावरून धरतो. त्यामुळे डाव्याचं मनगट जवळपास जागच्या जागी राहतं आणि काडी बोटांवर नाचते. ताशाच्या तर्रीत काडी दाबून तिची थरथर घेतली जाते, एका दाबात अनेक ठोके पडतात. तबल्यात तर डाव्या-उजव्याची भाषाच निराळी. स्पर्धेला यातलं काहीच चालत नाही. तिथे दोन्ही हातांनी एकसारखं काम करायचं, प्रत्येक ठोका सुटा आणि प्रत्येक हाताला एक आड एक पाळी. अशा रचनेत एकूण वेग ठरवतो तो मागे पडणारा हात. उजवा कितीही पळाला तरी त्याला डाव्यासाठी थांबावंच लागतं. (डावखुऱ्यांनी पुढे सगळीकडे उजव्या-डाव्याची अदलाबदल करून वाचावं.)

आधी खरा आकडा काढा

अंदाजाने 'माझं हजारच्या आसपास असेल' म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोजायला ड्रमोमीटर लागत नाही, फोन पुरतो. पॅडपासून हातभर अंतरावर, वेगळ्या टेबलावर फोन ठेवा. त्याच टेबलावर ठेवला तर हादरे ध्वनिमुद्रणात शिरतात आणि ठोके एकमेकांत मिसळलेले दिसतात. साठ सेकंद वाजवा. फाइल संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. प्रत्येक ठोक्याचं एक टोक दिसेल. पाच-पाच सेकंदांचे बारा तुकडे करा आणि तुकड्यागणिक टोकं मोजून वहीत लिहा. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, पण हे काम टाळू नका. एकूण आकड्यापेक्षा या बारा आकड्यांतून जास्त कळतं.

आता दुसरी मोजणी. फक्त उजव्या हाताने १५ सेकंद, दोन मिनिटं विश्रांती, मग फक्त डाव्याने १५ सेकंद. समजा उजव्याचे १३० आले आणि डाव्याचे १०४. डाव्याचे १०४ म्हणजे मिनिटाला ४१६. त्याची दुप्पट ८३२. ही तुमची आजची कमाल मर्यादा, आणि दमणुकीमुळे प्रत्यक्षात त्याच्याही खालीच राहाल. उजव्याला १३० वरून १४० वर नेलंत तरी ८३२ हलणार नाहीत. डावा १०४ वरून ११० वर गेला तर मर्यादा ८८० होते. म्हणून रियाजाच्या वेळेची वाटणी उजव्याला एक भाग, डाव्याला दोन. स्पर्धेची तयारी करणाऱ्या दहातले नऊ जण नेमकं उलटं करतात, कारण चांगल्या हाताने वाजवायला बरं वाटतं.

मेट्रोनोम म्हणजे ठरवलेल्या लयीत टिकटिकणारं यंत्र; लयीचा आकडा म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या मात्रा. त्याच्याशी हिशोब असा जुळतो: एका मात्रेत चार ठोके धरले तर १५० च्या लयीला मिनिटात ६००, २०० ला ८००, २५० ला १०००, ३०० ला १२००.

स्टिक, पॅड, बैठक

सुरुवातीला ५ए नावाची स्टिक घ्यावी. लांबी १६ इंच, जाडी साधारण १४ मिलिमीटर. ७ए त्याहून किंचित बारीक, ५बी किंचित जाड. हलकी स्टिक म्हणजे जास्त वेग, असं वाटतं खरं. पण फार हलकी स्टिक पॅडवरून स्वतःहून नीट परत येत नाही. मग ती उचलायला बोटं लागतात आणि बोटं लागली की पकड आवळते. फार जड स्टिकची दिशा सेकंदाला दहा वेळा फिरवताना हात लवकर दमतो. ताशाच्या काड्या पॅडवर अजिबात नकोत. त्या लवतात आणि उसळी त्या लवण्यातच जिरून जाते.

दुकानात जोडी घेताना तिथेच तीन गोष्टी करा. प्रत्येक स्टिक सपाट काचेवर किंवा फरशीवर गडगडवा. वाकडी असेल तर टोक उड्या मारतं. दोन्ही स्टिक एकाच जागी आपटून आवाज ऐका, सूर सारखा हवा. मग वजन. त्याला गुजरीतल्या सोनाराचा काटा लागत नाही, स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. दोन स्टिकमध्ये १ ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर ती जोडी नको. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, तेव्हा जोडी कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा तोलावी.

पॅड विकत मिळतो, घरीही होतो. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा एक फूट बाय एक फूट तुकडा घ्या. त्यावर चपलांच्या तळासाठी येणारी ६ ते ८ मिलिमीटरची रबरी शीट. कोल्हापुरात ती शोधायला लांब जावं लागत नाही. चिकटवायला पंक्चरवाल्याकडचं रबर सोल्युशन: प्लाय आणि रबर दोन्हींवर पातळ हात फिरवा, दहा-पंधरा मिनिटं बोटाला चिकट लागेपर्यंत सुकू द्या, मग एका कडेने सुरुवात करून लाटण्याने दाबत जा. रात्रभर वर जड वजन ठेवा. मधे हवेचा बुडबुडा राहिला तर तिथली उसळी मरते आणि तुम्ही महिनाभर हाताला दोष देत बसता. सकाळी सगळ्या पॅडवर स्टिकने टकटक करून आवाज तपासा. बद्द आवाज आला तिथे बुडबुडा आहे. खाली जुना माऊसपॅड लावला की पॅड सरकत नाही, आणि त्याखाली घोंगडं दुमडून घातलं की खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडत नाही.

बसताना गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली. खांदे सैल सोडा, कोपरं बरगड्यांपासून मूठभर अंतरावर. पॅडचा पृष्ठभाग कोपराच्या पातळीपेक्षा चार बोटं खाली असावा. पॅड वर असेल तर खांदा उचलला जातो, फार खाली असेल तर मनगट मोडतं. कॉटवर मांडी घालून रियाज करायची सवय असेल तर ती सोडा. स्पर्धेत स्टूल असतं आणि शरीर जागा लक्षात ठेवतं.

पकड

इथे घाई करू नका. आकडा अडलेला असतो तो बहुतेक वेळा इथेच.

स्टिक डाव्या हाताच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर आडवी ठेवा आणि अंगठ्याची चिमूट वरून नुसती टेकवा. बाकीची बोटं पूर्ण उघडी. स्टिकचं टोक पॅडपासून वीतभर वर उचलून सोडून द्या. ऐका: टक... टक.. टक. टकटक टर्रर्र. उड्या मोजा. मग चिमटीची जागा अर्धा इंच पुढे घ्या, पुन्हा सोडा, मोजा. मग अर्धा इंच मागे. कुठेतरी उड्या सगळ्यांत जास्त येतील. १६ इंची स्टिकमध्ये ही जागा जाड टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे सव्वापाच-साडेपाच इंचांवर सापडते. तिथे पेन्सिलने रेघ मारा. दोन्ही स्टिकवर वेगळं मोजा. त्या रेघेवर चिमूट असेल तेव्हा पॅड तुमच्यासाठी अर्धं काम करतो. स्टिक वर नेण्याची मेहनत तुमची राहत नाही, खाली पाठवायची तेवढी उरते.

आता बाकीची तीन बोटं स्टिकभोवती आणा, पण मूठ वळू नका. बोटांची टोकं स्टिकला टेकलेली हवीत. तळहात आणि स्टिक यांच्यामध्ये एक पेन्सिल आरपार जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. तळहात जमिनीकडे पूर्ण पालथा नको आणि अंगठा छताकडे पूर्ण उभाही नको. मधला कोन ठेवा. त्यात मनगट आणि बोटं दोन्ही मोकळी राहतात.

तपासायचे दोन मार्ग. एक, वाजवत असताना अंगठ्याच्या नखाकडे बघा. नख पांढरं पडलं असेल तर तुम्ही दाबताय. गुलाबी हवं. दुसरा, मध्यम लयीत वाजवत असताना कुणालातरी स्टिक मागून हलकेच ओढायला सांगा. ती सुटून त्याच्या हातात गेली पाहिजे. गेली नाही, तर हा वेग अजून तुमचा झालेला नाही. लय खाली आणा.

डाव्याची पकड उजव्याची नक्कल असली पाहिजे. आरसा समोर ठेवून बघा. हलगी वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताचा अंगठा बहुधा स्टिकच्या वर चढलेला दिसतो आणि मनगट आत वळलेलं. त्यांची बोटं मात्र कमालीची चपळ असतात, ही मोठी पुंजी आहे. त्यांना बोटं शिकवायची गरज नसते, मनगट मोकळं करावं लागतं. ताशावाल्यांचं याच्या उलट: मनगट चांगलं, पण बोट दाबून थरथर घ्यायची सवय. त्यांनी पहिले दोन आठवडे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो का, एवढंच बघावं.

मनगट, बोटं आणि पुढचा हात

मेट्रोनोमवर साधारण १४० पर्यंत मनगट एकटं भागवतं. त्यापुढे बोटं मदतीला येतात आणि दोनशेच्या पुढे बोटांचं काम मनगटापेक्षा वरचढ होतं. या सीमा माणसागणिक थोड्या सरकतात, क्रम बदलत नाही. गाडीच्या गिअरसारखं समजा. पहिल्या गिअरमध्ये कितीही रेटलं तरी गाडी सत्तरने पळत नाही, इंजिन मात्र ओरडतं.

उंचीचा हिशोबही पक्का डोक्यात बसवा. स्टिकचं टोक २० सेंटीमीटर वर जात असेल तर जाऊन-येऊन ४० सेंटीमीटर झाले. ते एक दशांश सेकंदात कापायचे तर सरासरी वेग सेकंदाला ४ मीटर लागतो. तीच उंची ३ सेंटीमीटर ठेवली तर जाऊन-येऊन ६ सेंटीमीटर. वेगात वाजवताना टोक दोन बोटांच्या जाडीपेक्षा वर जाता कामा नये. फोनमध्ये स्लो मोशन असेल तर बाजूने चित्रण करा आणि मागे पट्टी उभी ठेवा. डावी स्टिक उजवीपेक्षा जास्त वर जाताना दिसेल. मागे पडणारा हात मागे का पडतो, याचं उत्तर बहुतेकदा या एका दृश्यात मिळतं.

पण उंची फार कमी करूनही चालत नाही. ठोक्याला किमान जोर नसेल तर यंत्र तो मोजतच नाही. तेव्हा ठोका लहान आणि खणखणीत हवा.

पुढच्या हाताचे स्नायू ताणून एक थरथरता वेग काढता येतो. दहा सेकंद आकडा डोळे दिपवतो आणि मग हात लाकडासारखा होतो. मिनिटभराच्या स्पर्धेत तो वेग शेवटच्या पाच सेकंदांसाठी राखून ठेवायचा.

रोजचा रियाज: ४५ मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस

पहिली ५ मिनिटं मोकळं व्हायला. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हात गार असतील तर आधी दोन मिनिटं कोमट पाण्यात बुडवा. मग मेट्रोनोम ६० वर ठेवून मात्रेला एक, नंतर दोन ठोके.

पुढची ८ मिनिटं पूर्ण ठोके. लय ६०, मात्रेला एक ठोका. स्टिक उभी, मनगटाने खाली टाका आणि सोडून द्या. ती स्वतःहून पुन्हा उभी राहिली पाहिजे. तुम्ही उचलून उभी केली तर तो ठोका धरायचा नाही. कंटाळवाणा प्रकार आहे, पण तबलजी ठाय, म्हणजे संथ लयीत 'धा' घोटतात तो याचसाठी. दोन मिनिटं उजवा, चार डावा, दोन आळीपाळीने.

मग १० मिनिटं बोटं, फक्त डाव्याची. डावं मनगट उजव्या हाताने हलकेच धरून ठेवा आणि चिमटीभोवती मागची तीन बोटं उघडझाप करून वाजवा. सुरुवातीला लय ६० आणि मात्रेला चार. पंधरा सेकंद वाजवायचं, पंचेचाळीस सेकंद सोडायचं, अशा दहा फेऱ्या. करंगळी हवेत राहत असेल तर तिला कामाला लावा. ती बाहेर राहिली की अनामिकाही सुस्तावते. उजव्याला हा व्यायाम एक दिवसाआड पाच मिनिटं पुरे, वेळ पुढच्या भागातून काढा.

पुढची १० मिनिटं झटक्यांची. वेग वाढतो तो मुख्यतः इथे. तुमच्या आजच्या सहज लयीपेक्षा २० ने वर मेट्रोनोम लावा, समजा १८०. एक मात्रा चार ठोके आणि पुढच्या मात्रेवर पडणारा पाचवा, मग तीन मात्रा हात पूर्ण सैल. असं दोन मिनिटं. जमलं की दोन मात्रा वाजवून दोन मात्रा सोडायच्या. मग तीन मात्रा वाजवून एक सोडायची. थोडाच वेळ वाजवायचं असल्यामुळे हाताला आवळायची गरज पडत नाही आणि मेंदूला तो वेग सैल हातानेच ओळखीचा होतो. निम्मे झटके डाव्याने सुरू करा. हे विसरू नका, कारण सवयीने प्रत्येक झटका उजवाच सुरू करतो आणि डावा कायम त्याच्या मागून ओढला जातो.

मग ७ मिनिटं ठाय, दुगुन, चौगुन. लय ७०. मात्रेला दोन, मग चार, मग आठ ठोके, प्रत्येकी चार आवर्तनं, आणि तसंच उतरत खाली. आठच्या टप्प्यावर तुम्ही मिनिटाला ५६० च्या वेगात असता. इथे आकडा बघायचा नाही. चढताना आणि उतरताना सांधा ऐकू येता कामा नये.

उरलेल्या ५ मिनिटांत साठ सेकंदांचे दोन प्रयत्न, मधे तीन मिनिटं विश्रांती. दोनच. तिसऱ्या प्रयत्नात दमलेला हात चुका घोटतो, आणि दमलेल्या हाताने घोटलेलं पक्कं बसतं.

लय वाढवायचा नियम: सलग तीन दिवस ध्वनिमुद्रण स्वच्छ आलं की ३ ने वर जा. ठोके लंगडायला लागले की १० ने खाली. रविवारी रियाज नाही, मोजणी: साठ सेकंदांचा आकडा, बारा तुकडे, आणि दोन्ही हातांचे १५ सेकंद. महिनाभरात डाव्याच्या १५ सेकंदांत चार-पाच ठोके वाढले तर काम नीट चाललंय असं समजा, एकूण आकडा अजून हलला नसला तरी. तो दोन आठवडे मागून येतो आणि बहुतांश लोक नेमके त्याआधीच सोडून देतात.

आठवड्यातला एक दिवस पॅडऐवजी उशीवर वाजवा, पण पाच मिनिटांवर नको. उशी उसळी देत नाही, त्यामुळे मनगटाला उचलण्याचंही काम पडतं. जास्त केलं तर मनगट धरतं.

मिनिटभर टिकणं

वहीतल्या बारा आकड्यांकडे वळू. नवख्याचा मिनिट बहुधा असा दिसतो: ७५, ७४, ७२, ६८, ६२, ५५, ५०, ५०, ४८, ४७, ४६, ५०. एकूण ६९७. हाच माणूस पहिल्या सेकंदापासून ६२ धरून बसला असता तर बारा तुकड्यांचे ७४४ झाले असते. सत्तेचाळीस ठोके हाताने गमावलेले नाहीत, सुरुवातीच्या अधाशीपणाने गमावलेत.

आवळलेला स्नायू स्वतःमधल्या रक्तवाहिन्या स्वतःच दाबतो. रक्त कमी पोचतं, हात भरून येतो, भरला म्हणून आपण आणखी आवळतो. एकदा हे चक्र फिरलं की वाजवता वाजवता ते सोडवणं फार अवघड. म्हणून तिसाव्या सेकंदाला सैल होण्यापेक्षा पहिल्याच सेकंदाला आवळायचं नाही. आधी वीस सेकंद एकसारखे जमवा, मग तीस, मग पंचेचाळीस. वीसमध्ये पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात दोन ठोक्यांपेक्षा जास्त फरक असेल तर तीसकडे जाऊ नका. श्वास मोजून सोडा, चार-पाच सेकंदांत एक. श्वास कोंडला की जबडा आवळतो, त्यामागून खांदे, त्यामागून बोटं. तालमीत जोर मारताना वस्ताद 'श्वास सोड' म्हणून का ओरडतात, ते इथेही लागू आहे.

काय बिघडतं आणि का

घोडदौड. ठोके टक-टक सारख्या अंतरावर न पडता टटक-टटक असे जोडीजोडीने पडतात. संगणकावर एक अंतर लांब, एक आखूड, असं दिसतं. डावा उशिरा निघतो आणि उजवा त्याची वाट न बघता पडतो, हे त्याचं कारण. लय १० ने खाली आणा आणि पूर्ण रियाज डाव्याने सुरू करून वाजवा. जोर डाव्यावर द्या.

एका हाताचा ठोका दोनदा पडणं. पकड सैल झाली की स्टिक स्वतःहून दुसरी टपली मारते. यंत्राला ठोका कोणत्या हाताचा ते कळत नाही, त्यामुळे आकडा फुगतो आणि वादक खूश होतो. चित्रणात ते उघडं पडतं. पंचांनी बघो न बघो, मोजायचा तो सुटा ठोकाच. मागची दोन बोटं स्टिकला टेकलेली ठेवली की हे थांबतं.

स्टिक पुढे सरकत जाणं. घामामुळे होतं. चिमटीच्या रेघेवर पातळ रबरी टेपचा एक वेढा द्या, दोन नको. पावडर लावू नये, ती घामात मिसळून लगदा होते.

आणि आकडा महिनाभर एकाच जागी अडणं. तीन दिवस स्टिकला हात लावू नका. परतल्यावर आठवडाभर फक्त पूर्ण ठोके आणि झटके. अडलेल्या आकड्याला रोज धडका मारणाऱ्याचं मनगट आधी जातं.

मनगट आणि कान

दमणूक दोन्ही हातांना सारखी येते आणि दहा मिनिटांत ओसरते. दुखणं एका बिंदूवर असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही असतं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील, रात्री हात सुन्न होत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. त्या दिवसापासून रियाज बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. चोळून, शेकून 'बघू आठवडाभर' करायची ही जागा नाही.

गणपतीच्या दिवसांत जे मिरवणुकीतही वाजवतात त्यांच्यासाठी एक कळकळीची सूचना. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. महाद्वार रोडला ताशांच्या मधोमध तुम्ही तासन्‌तास उभे असता. फोमचे इअरप्लग स्वस्त मिळतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. गेलेला कान परत येत नाही, आणि वेगवान वादनात लंगडणारा डावा हात आधी कानालाच कळतो.

पायांची स्पर्धा वेगळी असते, दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवायच्या दुहेरी पेडलवर. तिथेही मागे पडणारा पाय आकडा ठरवतो आणि १५ सेकंदांची एकेरी मोजणी तशीच लागू पडते. पण हात आणि पाय दोन्हींची तयारी एकाच महिन्यात करू नये.

स्पर्धेच्या दिवशी

आयोजकांना आधी विचारून घ्या: स्वतःच्या स्टिक चालतात का, पॅडची उंची बदलता येते का, सरावाचा एक प्रयत्न मिळतो का, एका हाताचा ठोका दोनदा पडला तर काय. पॅड कसाही निघू शकतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात मित्राच्या पॅडवर, ड्रमसेटमधल्या पायांवर उभ्या ड्रमवर (फ्लोअर टॉम), टेबलावर टाकलेल्या रबरावर, मिळेल तिथे वाजवून बघा. आदल्या दिवशी रियाज फक्त दहा मिनिटं, सगळा ठाय लयीत.

पाळी येण्याआधी वीस मिनिटं हात गरम करायला घ्या. पाच मिनिटं पूर्ण ठोके, मग चार-पाच झटके, मग स्टिक खाली. आधीच्या स्पर्धकाचा आकडा बघू नका. तो बघितला की पहिला तुकडा ७५ चा होतो आणि पुढचं वर लिहिलंच आहे. बसल्यावर स्टूल आणि पॅड तुमच्या मापाचे करून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चिमूट रेघेवर आहे का बघा. एक लांब श्वास सोडा आणि पहिला ठोका डाव्याने टाका.

चाळिसाव्या सेकंदाला हात जड वाटेल, तेव्हा वेग तोच ठेवून स्टिकची उंची थोडी कमी करा. पंचावन्नाव्याला जो ताण इतके दिवस टाळला तो वापरायचा. शेवटचा ठोका पडला की स्टिक खाली ठेवून हात दोन मिनिटं नुसते लोंबकळत सोडा. मग वही काढा, यंत्रावरचा आकडा लिहा, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या पॅडवर डाव्याचे १५ सेकंद मोजून त्याच्याखाली तोही लिहा.